गर्भाशयाचा एमआरआय: पैसे कुठून काढावेत?

उदगीरहून एका ताईंनी विचारलं आहे: वय 43, पाळीत फार रक्तस्राव. सोनोग्राफीत पिशवी मोठी दिसते, पण फायब्रॉइड की ॲडेनोमायोसिस हे कळत नाही. डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय, खर्च 9,000. घरचे म्हणतात, पिशवीच काढून टाका. लेकीच्या फीची 60,000 ची एफडी मोडावी की बचत गटाचं कर्ज घ्यावं? आरोग्य विमा 14 महिन्यांचा आहे.

ताई, एमआरआय करा. सोनोग्राफीत निदान स्पष्ट असतं तर हा खर्च मी टाळायला सांगितला असता. इथे रिपोर्टवरच उपचार ठरणार आहेत. फायब्रॉइडची गाठ बहुधा सोलून काढता येते. ॲडेनोमायोसिसमध्ये अस्तर स्नायूतच पसरतं, त्याला गाठीसारखी कड नसते. तिथे आधी गोळ्या किंवा हार्मोनची तांबी वापरून पाहतात. जंक्शनल झोन, म्हणजे अस्तराला लागून असलेला स्नायूचा आतला थर, 12 मिलिमीटर किंवा जास्त आला तर कल ॲडेनोमायोसिसकडे. पाळी चालू असताना हा थर जाड भासू शकतो, म्हणून तारीख पाळी संपल्यावरची घ्या, नाहीतर पुन्हा पैसे जातील. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) लागेल का, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या. त्याचं बिल वेगळं लागतं. अस्तराचा तुकडा तपासायला सांगितला असेल तर तोही करावाच लागेल. एमआरआयने ते काम होत नाही.

एफडी मोडू नका. त्याच पावतीवर बँक कर्ज देते, व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. 9 टक्क्यांनी 9,000 वर सहा महिन्यांचे 405 रुपये होतात. गटाचा दर महिना 2 टक्के असेल तर तेवढ्याच काळात 1,080. सोयाबीनचे पैसे आले की फेडा. संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात दर बराच कमी पडतो, पण नंबर लागायला किती दिवस लागतील ते आधी विचारा, आणि येण्याजाण्याचा खर्चही धरा.

विम्यावर मात्र भिस्त ठेवू नका. केवळ तपासणीसाठी दाखल झालात तर दावा नाकारला जातो, मग 24 तास ॲडमिट करून घेतलं तरी. फायब्रॉइड आणि पिशवीच्या शस्त्रक्रियेला बहुतेक पॉलिसींत 24 महिन्यांची प्रतीक्षा असते, तुमचे 10 उरलेत. मुदतीनंतर शस्त्रक्रिया झालीच, तर दाखल होण्यापूर्वीच्या 30 किंवा 60 दिवसांतलीच बिलं धरतात; आजचं बिल त्यात बसणार नाही. त्रास थांबण्यासारखा नसेल तर मुदतीची वाट पाहत बसू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजना ही सरकारी योजना आहे; तिच्यात ही शस्त्रक्रिया कुठे होते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, जाऊन विचारा. रेशन कार्ड, आधार आणि एमआरआयची फिल्म सोबत न्या.