विचारा तर खरं : काळ्या वाळूतलं थोरियम

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळ किनाऱ्यालाच राहतो. पुळणीवरची वाळू काळी कुळकुळीत. सासरे म्हणतात, तिच्यात थोरियम आहे आणि खाडीवरून रात्री डंपर भरून जातात ते त्यासाठीच. खरं का? आणि देशात एवढं थोरियम आहे तर त्याच्यावर वीज का होत नाही? (एक वाचक)

उत्तर : ताई, तारापूरच्या अणुवीज केंद्रात ३१ वर्षं नोकरी करून मी आता मांडवीच्या काळ्या समुद्रापासून दहा मिनिटांवर राहतो. नातवंडं आली की जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांच्या हाती देतो. कोरड्या वाळूत फिरवलं की पिशवीला दाढी फुटते. ते मॅग्नेटाइट. त्याच्या जोडीला इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचं खनिज. दोन्ही सह्याद्रीच्या काळ्या कातळातून झिजून आलेली. थोरियम असतं मोनाझाइटमध्ये, आणि ते येतं ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांतून. म्हणून ते केरळात चवऱ्याला, तामिळनाडूत मनवलकुरिचीला, ओडिशात छत्रपूरला भरपूर. रत्नागिरीच्या वाळूत शोधण्यात अर्थ नाही.

तुमचा दुसरा प्रश्न खरा मोलाचा. थोरियम म्हणजे आषाढातलं ओलं लाकूड. कितीही काड्या ओढा, पेटत नाही. चुलीच्या कडेला रचून आधी वाळवावं लागतं. थोरियमने न्यूट्रॉन गिळला की त्याचं प्रोटॅक्टिनियम होतं, आणि त्यातलं निम्मं युरेनियम-२३३ व्हायला २७ दिवस जातात. हे युरेनियम मात्र पेटतं. पण सुरुवातीचे न्यूट्रॉन कुठून आणायचे? दुसऱ्या कुठल्यातरी जाळातून. म्हणून १९५० च्या दशकातच होमी भाभांनी तीन टप्पे आखले : आधी नैसर्गिक युरेनियमच्या भट्ट्या, मग त्यांच्या जळक्या इंधनातून काढलेल्या प्लुटोनियमवर ब्रीडर (जाळते त्याहून जास्त इंधन तयार करणारी भट्टी), आणि जाळ पुरेसा मोठा झाला की थोरियम.

पहिला टप्पा आपल्याला जमला. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या त्यातल्याच, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. घोडं अडलं दुसऱ्यापाशी. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या ब्रीडरचं काम २००४ मध्ये सुरू झालं आणि गाभा भरायला हात लागला मार्च २०२४ मध्ये! मला हे खुपतं, लपवत नाही. पण तिथे पाण्याऐवजी वितळलेलं सोडियम खेळवायचं असतं, आणि सोडियमला हवा-पाणी लागलं की ते भडकतं. घाई करा असंही माझ्या तोंडून निघणार नाही.

युरेनियम-२३३ वर चालणारी एक भट्टी आपल्याकडे १९९६ पासून आहे, कल्पाक्कमचीच ‘कामिनी’. ताकद ३० किलोवॉट, म्हणजे पंधरा गिझरांची ऊब. ती प्रयोगासाठी आहे, विजेसाठी नव्हे.

आणखी एक गोम. या युरेनियमबरोबर थोडं युरेनियम-२३२ येतंच, आणि त्याची पिलावळ फार तिखट गॅमा किरण सोडते. हे इंधन जाड भिंतीआडून, यांत्रिक हातांनी बनवावं लागतं. उमेदवारीत तसल्या हातांनी एक नट उचलून बोल्टावर बसवायला मला अख्खी सकाळ लागली होती. चार वेळा पडला. शिकवणारे मागे चहा पीत हसत होते.

माझ्या हयातीत थोरियमची वीज घरात येईल असं मला वाटत नाही, नातवंडांच्या येईल. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. डंपर थोरियमचे नाहीत, ती बांधकामाची रेती. पण रात्रीच का जातात, हे तहसीलदारांना जरूर विचारा.