नव्या कबड्डी संघातल्या राइट कॉर्नरला

प्रिय मित्रा,

'जुन्या संघात माझ्या पकडी व्हायच्या. इथे तोच मी, तोच अँकल होल्ड, तरी सारखा बाद होतोय. या संघाशी माझं जमत नाही,' असं तू लिहिलंस. पाठवलेले व्हिडिओ नीट पाहिले. होल्ड पूर्वीइतकाच घट्ट आहे. बिघडतंय ते त्याच्या पुढच्या अर्ध्या सेकंदात.

चढाईपटू बोनस गुणासाठी पाय आत टाकतो, तू घोट्यावर झेपावतोस. इथवर सगळं बरोबर. त्याच क्षणी तुझा कव्हर, म्हणजे तुला साथ देणारा आतल्या बाजूचा बचावपटू, चढाईपटू आणि मध्यरेषेच्या मधे यायला हवा. तो येत नाही, कारण तू जाणार आहेस हे त्याला कळलेलंच नसतं. जुना कव्हर तुझ्यासोबत वाढलेला, तुझा खांदा झुकला की तो निघायचा. नव्याला तो खांदा अजून वाचता येत नाही. मग तू एका पायाला लोंबकळत मध्यरेषेपर्यंत फरपटत जातोस, आणि नंतर तू त्याला बोल लावतोस, तो तुला.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. सरावात त्याला तोंडाने सांग: बोनसचा पाय आला तर मी जाणार, नुसता हात लावायला आला तर थांबणार. साखळीत असाल तर हात दाबून इशारा ठरवा. त्याला काय हवंय तेही विचार. काही कव्हरना डॅश मारायचा असतो, म्हणजे धडक देऊन चढाईपटूला बाहेर ढकलायचं असतं. कॉर्नरने आधी झेप घेतलेली त्यांना नको असते, चढाईपटू त्यांच्या बाजूला रेटलेला हवा असतो. अशा कव्हरसोबत तुझ्या नावावरच्या पकडी कमी होतील आणि संघाच्या वाढतील. ते तुला बोचेल. निवड करणारे नुसते आकडे बघतात ही भीती काही अगदी खोटी नाही, म्हणून प्रशिक्षकांना आत्ताच विचारून ठेव की माझ्याकडून नेमकं काय हवंय.

2016 च्या रिओ ऑलिंपिकमधली पुरुषांची 4×100 मीटर रिले शोधून बघ. जपानने 37.60 सेकंदांत रौप्य मिळवलं. त्या चौघांपैकी एकानेही तोवर 100 मीटर 10 सेकंदांच्या आत पार केलेले नव्हते. बॅटन खालून हातात द्यायची पद्धत त्यांनी घोटून घोटून पक्की केली होती. कागदावर कितीतरी वेगवान असलेला अमेरिकेचा संघ त्याच शर्यतीत बॅटन ठरलेल्या पट्ट्याच्या आधीच हातात पडल्यामुळे बाद ठरला.

आता तुझी दुसरी तक्रार: जेवताना कुणी सोबत बसत नाही. वाईट वाटणारच. पण संघात जमणं आणि दोस्ती जमणं यांची गल्लत करू नकोस. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये आठ वल्हेकऱ्यांच्या शर्यतीत जर्मनीने सुवर्ण जिंकलं. त्या नावेतला हान्स लेंक पुढे तत्त्वज्ञ झाला आणि त्याने अशा यशस्वी नावांमधल्या भांडणांचाच अभ्यास मांडला: आत गट होते, ताण होता, तरी नाव धावत होती. वल्ही एकत्र पडत होती ना, मग झालं. तरी, न बोलावता एकदा जाऊन बसायला काय हरकत आहे? बहुतेकांना तूच शिष्ट वाटत असशील.

उद्या तुला कव्हरला खेळायला सांगितलं तर लगेच तोंड वाकडं करू नकोस. 2003 च्या विश्वचषकात राहुल द्रविडने यष्टिरक्षण केलं. मूळचा तो फलंदाज, पण त्यामुळे संघाला एक जादा फलंदाज खेळवता आला आणि भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला. फक्त नवी जागा शिकायला वेळ मागून घे. एका आठवड्यात कुणी कव्हर होत नाही.

मात्र जुळवून घेण्यालाही हद्द असते. दुखरा खांदा लपवून खेळायला लावणं, सीनियर मंडळींनी शिवीगाळ करणं, चूक एकाची आणि टोमणे रोज दुसऱ्याला, हे संघात मुरणं म्हणून खपवून घ्यायचं नसतं. असलं काही असेल तर पत्र लिहीत बसू नकोस, सरळ फोन कर.

तुझा,
सर