माणूस आहे तोवर कागद सरळ कर

लेका,

परवा रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागाच होतो, या वयात झोप रजेसारखी, मंजूर होईल तेव्हा खरी. "साहेब, आठ महिने झाले, इथं नुसते कागद आहेत, पुण्यात सिक्युरिटी सुपरवायझरची ऑफर आहे, पगार जवळजवळ दुप्पट, काय करू?" उत्तर टाइप केलं, खोडलं, परत केलं, परत खोडलं. मग म्हटलं सकाळी चहा घेऊन निवांत लिहू, नाहीतर रागात काहीतरी जायचं.

देशसेवा, शिस्त वगैरे तुला सांगत बसत नाही. सतरा वर्षं तू काय केलंस ते तुझ्या गुडघ्यांना माहिती आहे. पैशाचंही मला कळतं, घराचा हप्ता मीपण भरलाय. जायचं तर जा. पण सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून, माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची कामं करायला जॉईन झालास त्या दिवशी मी एक गोष्ट सांगितली होती आणि तू मान हलवली होतीस. आठ महिन्यांनी "नुसते कागद" म्हणतोयस म्हणजे नुसतीच हलवली होतीस. परत सांगतो. माणूस आहे तोवर त्याचा कागद सरळ कर. गेल्यावर नाही. आहे तोवर.

आता तुला वाटेल हा म्हातारा तेच तेच बोलतो. बोलणारच. पलटणीत आपला कागद आपण कधी वाचलाय का सांग. कंपनी क्लार्क म्हणायचा इथं सही कर, आपण करायचो, पेन पण त्याचंच असायचं. भरतीला गेलो तेव्हा नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं, नंतर लग्न झालं, रजा संपली, परत वर गेलो, लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डला नोंद, झाली का नाही कोणी विचारलं? त्यात आपल्याकडची तऱ्हा अशी की लग्नात बायकोचं नावच बदलतात. माहेरचं एक, सासरचं एक, आणि आधार काढायला गेली की तिथला पोरगा तिसरंच टाकतो. जन्मतारीख तर विचारूच नको, गुरुजींनी शाळेत अख्ख्या वर्गाला १ जून लावलेली. आणि इंग्रजी स्पेलिंग! नाव ज्ञानदेव, आपण डी-एन-वाय लिहिणार, यूपीचा क्लार्क जी-वाय लिहिणार, म्हणजे एका माणसाचे दोन ज्ञानदेव झाले, आणि पेन्शन त्यातल्या एकालाच.

नवरा असेपर्यंत हे कळत नाही, कारण त्याची पेन्शन चालू असते. तो गेला की त्याची विधवा मृत्यूचा दाखला घेऊन येते, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या हुकुमावर, नाव वेगळं, आधारवर वेगळं, आणि मग अॅफिडेव्हिट, सरपंचाचा दाखला, तलाठ्याचा दाखला, परत या, साहेब मीटिंगला गेलेत.

पाटणच्या बाजूला एक आजी होती, तिचं सांगतो. मी तिच्या जोत्यावर बसलो होतो, तिने आतनं काळी ट्रंक ओढत आणली, झाकणावर पांढऱ्या रंगात नवऱ्याचा नंबर अजून दिसत होता. आत खताच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, डांबरगोळ्यांचा वास, दोन मेडल, त्यातल्या एकाची पट्टी झुरळांनी खाल्लेली. मी बुक उघडलं, बायकोचं नाव सुमन. आधारवर आक्काताई. म्हटलं, आजी, ही सुमन कोण? म्हणाली, "म्याच की. लग्नात ठेवल्यालं. पर त्या नावानं मला कुणी हाक मारल्याली न्हाई, ह्यांनी बी न्हाई." आणि हसायला लागली. मला हसू येईना, कारण तिची जन्मतारीख बुकात नव्हतीच. ८० पूर्ण झाले की फॅमिली पेन्शन २० टक्के वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला डबल. हे आपोआप व्हायला कागदावर तारीख लागते. बाईच्या तोंडावर ८० च्या पुढचं वय लिहिलेलं होतं, कागदावर कोरं. नवरा जिवंत असताना कोणीतरी त्या ट्रंकेपर्यंत गेला असता तर एका दिवसाचं काम होतं. मला चौदा महिने लागले. हे तुझे "नुसते कागद".

आणि तू म्हणशील आता सगळं स्पर्शवर, त्या पेन्शनच्या पोर्टलवर, ऑनलाइन दिसतं, ज्याचं त्याने बघावं. दिसतं, मान्य, चांगली सोय आहे. पण लॉगिनचा ओटीपी कुठं जातो? मुंबईला पोराच्या मोबाईलवर, आणि पोरगं ड्युटीवर. म्हातारा नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो तेवढाच त्याचा आणि पेन्शनचा संबंध. त्याला कोणी म्हटलंय का की बाबा, बायकोचं नाव एकदा उघडून बघ? तूच म्हणायचं आहेस. त्याचाच पगार आहे तुला.

आता माझं सांगतो, कारण हे मी पुस्तकात वाचून आलो नाही. २००८ ला मी सुभेदार म्हणून पेन्शन आलो, पुढच्या वर्षी याच कामाला लागलो. २०११ च्या उन्हाळ्यात माझा पलटणीतला दोस्त, एका बंकरमध्ये दोन हिवाळे काढलेला, ऑफिसात आला. टेबलासमोर उभा राहून म्हणाला, अरे माझ्या बुकात बायकोच्या जागी अजून आईचंच नाव आहे वाटतं, बघ की जरा. त्या दिवशी माझ्यापुढं मुलांच्या वसतिगृहाच्या प्रवेशाचा ढीग होता. मी मान वर न करता म्हटलं, पुढच्या महिन्यात ये, निवांत बघू. तो म्हणाला बरं, आणि जाताना माझ्या टेबलावर आंब्यांची पिशवी ठेवून गेला. पुढचा महिना आला, तो आला नाही, अठ्ठावीस तारखेला रानात मोटर चालू करायला गेला तिथंच अॅटॅक आला.

वहिनींना पेन्शन चालू व्हायला तीन वर्षं लागली. तीन वर्षं ती बाई दुसऱ्याच्या उसात भांगलायला जात होती आणि मी जातायेता बघत होतो. पोराने बारावी सोडली, गॅरेजला लागला. शेवटी अरिअर्ससकट सगळं मिळालं. मी स्वतः पासबुक भरून आणून दिलं, वहिनी म्हणाल्या भावजी चहा घ्या, मी घेतला नाही. का घेतला नाही ते मला आजपण सांगता येत नाही.

त्यानंतर मी ऑफिसात बसायचं बंद केलं. गाडीच्या डिकीत रजिस्टर, शाईचं पॅड, झेरॉक्सचे फॉर्म, आणि तालुक्यातल्या एकेका गावात चावडीवर बसायचं. नाव, पीपीओ, बायको, तारीख, पुढचा या. वरचे एक साहेब म्हणाले, आलेल्या माणसाचं काम करायचं, बोलावत फिरायचं नाही, आणि टीए मंजूर होणार नाही. बरं म्हटलं, पेट्रोल माझं. ७ डिसेंबर जवळ आला की ध्वजदिनाच्या निधीच्या टार्गेटवरून बोलणी खायचो, तुझं लक्ष कुठंय म्हणायचे. लक्ष जिथं पाहिजे तिथंच होतं! मला पुढं एक्स्टेंशन मिळालं नाही, लोक म्हणतात तोंडामुळं गेलं. असेल. घरीही ऐकून घ्यावं लागलं, पोरीच्या साखरपुड्याला मी दोन तास उशिरा पोचलो कारण कोरेगावकडं एक म्हातारा हवालदार आयसीयूत होता आणि त्याच्या बायकोचं नाव दुरुस्त करायच्या अर्जावर त्याचा अंगठा घ्यायचा होता. पोरगी अजून काढते ते. आता परत तशी वेळ आली तर? परत तिकडंच जाईन, आणि परत शिव्या खाईन. यात माझं चुकलं असं मला कोणी पटवून दिलेलं नाही, हिनेपण नाही, आणि ती रोज प्रयत्न करते.

तू लिहिलंयस की आठ महिन्यांत कोणी थँक्यूसुद्धा म्हणालं नाही. अरे, ज्याचा कागद तू आज सरळ केलास त्याला कळणारच नाही की काय वाचलं ते. तो सुखाने मरेल, बायकोला दुसऱ्या महिन्यात पेन्शन येईल, तिला वाटेल सरकारी काम असंच होतं. कोण कशाला थँक्यू म्हणेल? थँक्यू पाहिजे असेल तर मॉलच्या गेटवर उभा राहा, तिथं गाडीवाले काच खाली करून म्हणतात. हे जरा जास्त झालं, राहू दे, त्या नोकरीला मी नावं ठेवत नाही, आपलीच निम्मी पोरं तिथं उभी आहेत.

पण एक सांग, तुझ्या पीपीओवर तुझ्या बायकोचं नाव काय आहे? माहेरचं का सासरचं? तारीख? बघितलंस का? पैज लावतो, नाही. लाज वाटून घेऊ नको, आमच्या हिचीपण १ जूनच आहे. खरी तारीख सासूबाईंना विचारायची होती, त्या २०१६ ला गेल्या. दुसऱ्यांच्या ट्रंका उघडत फिरलो आणि घरातलं राहिलं.

माझ्या रजिस्टरात ६१ नावं बाकी आहेत, चावडीवर न आलेल्यांची, बहुतेक डोंगरातल्या वाड्यांवरची. त्यातले किती राहिलेत माहिती नाही, गेल्या वर्षी फोन लावला तेव्हा चार ठिकाणी सुनेने उचलला. रविवारी ये. पुण्याला जायचं ठरलं असेल तरी ये, रजिस्टर घेऊन जा, जाईपर्यंत जेवढे होतील तेवढे कर. सकाळची एसटी पकड, दहाच्या आत पोचतोस, जेवण इकडंच आहे. आणि येताना तुझं पीपीओ घेऊन ये. झेरॉक्स नको, ओरिजिनल.