मालवणात होडीच्या इंजिनाचे गंजलेले नट सुटत नाहीत. कोणतं तेल वापरावं?

ग्रीस किंवा जाड इंजिन ऑइल नको, ते आट्यांत शिरतच नाही. रस्ट पेनिट्रंट स्प्रे (गंजात झिरपणारं पातळ तेल) घ्या. नाहीतर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं. दोन्ही वेगळे होतात, म्हणून दर वेळी हलवून घ्या.

आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन वाळवा, तारेचा ब्रश मारा. नटावर तेल घालून हातोडीने हलके ठोके द्या, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा तेल घाला. सहाकोनी सॉकेट लावून आधी किंचित आवळा, मग उलटं फिरवा. थेट जोर लावला की बोल्ट तुटतो. अ‍ॅसिटोन पेट घेतं, त्यामुळे तेल ओलं असताना ज्योत अजिबात नको.

अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्ट अडकून पांढरी भुकटी दिसत असेल तर तो लोखंडाचा गंज नव्हे. तिथे तेलाचा फारसा उपयोग होत नाही. परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे पुन्हा अडकू नयेत म्हणूनची पेस्ट) लावा.