एका निळ्या कॅनव्हासला 4 कोटी 38 लाख डॉलर? मॉडर्न पेंटिंग्जची एवढी लायकी खरंच असते का?

तुम्ही प्रश्नात बार्नेट न्यूमन या अमेरिकन चित्रकाराच्या त्या निळ्या चित्राचं उदाहरण दिलंय, म्हणजे अख्खा कॅनव्हास निळा, मधोमध एक फिकट उभी रेघ, 1953 चं चित्र, आणि मे 2013 मध्ये न्यूयॉर्कला सदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात ते जवळपास 4 कोटी 38 लाख डॉलरला गेलं. आणि पुढे विचारलंय की हे तर शाळेतलं पोरगंही काढेल, मग लोक वेडे आहेत का? माझं मत आधीच सांगून टाकतो. चित्र चांगलं आहे, आणि किंमतीचा त्या चांगलेपणाशी फार थोडा संबंध आहे. लोक काय करतात, आकडा ऐकून भडकतात आणि राग बिचाऱ्या चित्रावर काढतात.

आधी त्या पोराचं बघू. न्यूमनचंच अजून एक चित्र अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये आहे, लाल-पिवळा-निळा या तीन रंगांवरच्या त्याच्या मालिकेतलं तिसरं. साडेपाच मीटरच्या आसपास लांब, सव्वादोन मीटर उंच, जवळजवळ सगळं लालच, डाव्या कडेला निळा पट्टा आणि उजव्या कडेला पिवळ्याची अगदी बारीक पट्टी. 1986 मध्ये एक माणूस चाकू घेऊन आत शिरला आणि त्याने ते टराटरा फाडलं. मग ते दुरुस्तीला अमेरिकेत गेलं, 1991 मध्ये परत आलं, भिंतीवर लागलं आणि बोंबाबोंब सुरू झाली, कारण ज्यांनी मूळ चित्र पाहिलं होतं त्यांना तो लाल मेल्यासारखा वाटायला लागला, आधी त्यात खोली होती, नजर आत जायची, आता नुसती रंगवलेली भिंत. प्रकरण सरकारी फॉरेन्सिक लॅबपर्यंत गेलं आणि तपासणीत निघालं की लाल भागावर चक्क रोलरने वेगळ्याच जातीचा रंग फिरवलाय. दुरुस्ती करणाऱ्याने हात वर केले, कोर्टबाजी झाली, ते जाऊ दे. पण बघा ना, मूळ चित्र समोर होतं, माणूस व्यवसायाने याच कामातला, वेळ भरपूर, आणि तरी एक 'साधा लाल' परत आणता आला नाही! आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांना ते आधी कळलं, लॅब नंतर आली.

फोटोत मात्र यातलं काहीच दिसत नाही आणि आपण सगळे ही चित्रं मोबाईलवर बघूनच मत बनवतो. मी लंडनच्या टेट मॉडर्न म्युझियममध्ये मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराची 'सीग्रॅम म्युरल्स' नावाची मोठाली चित्रं बघितलीत. खोलीत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला, चित्रं गडद तपकिरी-लाल आणि काळ्या रंगाची, खिडकीच्या चौकटीसारखे आकार. पहिली दोन मिनिटं खरंच काही वाटत नाही, मग डोळे सरावले की चौकटीच्या कडा कुठे संपतात तेच कळेनासं होतं, काळा वाटत होता तो काळा नसून त्याच्या खालून तपकिरी आणि जांभळट काहीतरी वर येतंय असं दिसायला लागतं, आणि जवळ गेलं की दिसतं रंग किती पातळ लावलाय ते, काही ठिकाणी तर ओघळसुद्धा तसेच ठेवलेत. सगळ्यांना आवडेल असं नाही, माझ्या बरोबरचा मित्र पाच मिनिटांत कॉफी प्यायला निघून गेला. तर ही चित्रं 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या एका भारी रेस्टॉरंटसाठी ठरली होती, रॉथकोने ती बरीचशी करून झाल्यावर व्यवहारच मोडला, पैसे परत केले, आणि पुढे त्यातली नऊ टेटला देऊन टाकली. आज त्याच्या एकेका कॅनव्हासला कोट्यवधी डॉलर पडतात, 2012 मध्ये एक 8 कोटी 69 लाखाला गेला.

आता किंमतीकडे येतो. लिलावात किंमत वर जायला जगाने काही मान्य करावं लागत नाही, दोन माणसं पुरतात. ज्यांच्याकडे पैसा उतू चाललाय आणि ज्यांना तेच एक चित्र हवंय अशी दोन. आणि एखाद्या मोठ्या चित्रकाराची चांगली चित्रं आधीच म्युझियममध्ये जाऊन बसलेली असतात, तिथून ती सहसा परत बाजारात येत नाहीत, म्हणजे विकायला उरलेली दरवर्षी थोडी थोडी कमीच होतात. 2017 मध्ये लिओनार्दोचं म्हणून विकलेलं ते 'साल्वातोर मुंडी' आठवतंय ना, 40 कोटी डॉलरला हातोडा पडला आणि वर लिलाव कंपनीचं कमिशन धरून 45 कोटी 3 लाख. गंमत म्हणजे सुमारे पाचशे वर्षं जुनं चित्र ख्रिस्टीज या लिलाव कंपनीने विकायला ठेवलं ते जुन्या चित्रांच्या लिलावात नाही, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आणि समकालीन चित्रांच्या संध्याकाळच्या लिलावात. का? तर मोठ्या थैल्यावाले त्या लिलावाला असतात म्हणून. एवढं उघड आहे सगळं.

आणि गॅरंटी नावाचा एक प्रकार असतो तो फार कमी लोकांना माहीत आहे. लिलाव कंपनी विकणाऱ्याला सांगते की काहीही झालं तरी अमुक इतके मिळतील, आणि ती जोखीम बऱ्याचदा बाहेरच्या एका श्रीमंत माणसावर ढकलते, तो आधीच एक बोली लिहून देतो जी मागे घेता येत नाही. दुसऱ्या कुणी जास्त बोली लावली तर वरच्या पैशात त्याला वाटा, नाही लावली तर चित्र त्याच्या गळ्यात. कॅटलॉगमध्ये त्या चित्रापुढे एक बारीक खूण असते तेवढीच. म्हणजे हॉलमध्ये टाळ्या वाजतायत तेव्हा चित्र कमीत कमी केवढ्याला जाणार हे काही लोकांना आधीच ठाऊक असतं. बेकायदा काही नाही यात, पण याला 'बाजाराने ठरवलेली योग्य किंमत' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एवढे पैसे नक्की कशाला मोजतात, हे बघायचं असेल तर न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीचं प्रकरण बघा. 1846 पासूनची गॅलरी, 2011 मध्ये बंद पडली. झालं असं की क्वीन्स भागात राहणारा एक चिनी चित्रकार घरातल्या गॅरेजमध्ये रॉथको, पोलॉक, मदरवेल अशा नावाजलेल्या अमेरिकन चित्रकारांच्या शैलीत चित्रं काढत होता, त्याला एकेकाचे काही हजार डॉलर मिळायचे, आणि मधली दलाल बाई ती 'आत्ताच सापडलेली अस्सल चित्रं' म्हणून पुढे द्यायची. अशी साठाहून जास्त चित्रं नोडलर आणि आणखी एक अशा दोन विक्रेत्यांमार्फत मिळून 8 कोटी डॉलरला खपली. एका पोलॉकच्या सहीत तर चक्क स्पेलिंग चुकलं होतं! एकात असे रंग निघाले जे पोलॉकच्या हयातीत बाजारातच नव्हते. आणि एक बनावट रॉथको 83 लाख डॉलरला ज्याने घेतला तो माणूस पुढे सदबीजच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला, म्हणजे अगदीच अडाणी गिऱ्हाईक नव्हतं ते. आता मुद्दा असा की उघडकीला येण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कॅनव्हास तोच होता, रंग तेच, भिंतही तीच, पण 83 लाखांचं रात्रीत कवडीमोल झालं. म्हणजे पैसे कशाचे होते? नावाचे, आणि हे चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं त्या कागदपत्रांचे. डोळ्यांना जे दिसतं त्याचे फार थोडे.

हे तुम्हाला फसवणूक वाटत असेल तर मी वाद घालणार नाही, पण मला जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. रॉबर्ट रॉशनबर्ग या अमेरिकन चित्रकाराचं 'थॉ' नावाचं चित्र एका टॅक्सी कंपनीच्या मालकाने 1958 मध्ये 900 डॉलरला घेतलं आणि 1973 मध्ये लिलावात 85,000 ला विकलं. चित्रकाराला त्यातून शून्य. तो लिलावाला हजर होता, बाहेर पडताना त्याने त्या मालकाला चांगलाच ढकललाही. युरोपात आता फेरविक्रीतून चित्रकाराला थोडा हिस्सा द्यायचा कायदा आहे, पण त्यालाही 12,500 युरोची कमाल मर्यादा, मग चित्र कितीही कोटींना जावो. तेव्हा 'हे चित्रकार रेघोट्या मारून करोडपती झाले' असं जे लोक लिहितात ना, ते बहुतेक चुकीच्या माणसाला शिव्या देत असतात. मोठा पैसा शक्यतो चित्रकार गेल्यावर येतो आणि ज्याच्या भिंतीवर चित्र असेल त्याच्या खिशात जातो.

शेवटी तुम्ही विचारलंय की गुंतवणूक म्हणून तरी हे परवडतं का. बातम्यांत येतात ते जिंकलेले. एका रशियन अब्जाधीशाने गोगँ या नामवंत फ्रेंच चित्रकाराचं एक निसर्गचित्र 2008 मध्ये 5 कोटी 40 लाख युरोला घेतलं आणि 2017 मध्ये ते लंडनला 2 कोटी 3 लाख पौंडाला विकलं, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे पाण्यात, आणि ते गोगँचं! चित्र भाडं देत नाही, व्याज देत नाही, उलट विमा मागतं, ठराविक तापमानाची खोली मागतं, घेताना कमिशन, विकताना पुन्हा कमिशन. ज्यांना हे सगळं करून वर तोटा सोसणं जमतं त्यांनी खुशाल घ्यावं. बाकीच्यांनी तिकीट काढून म्युझियममध्ये जावं, बरीच मोठी म्युझियम्स तर तिकीटही घेत नाहीत, आणि न्यूमन दिसला की फोटो न काढता पाच-दहा मिनिटं जवळ उभं राहून बघावं. मग नाही आवडला तर नाही आवडला, मला स्वतःला साय ट्वॉम्ब्ली या अमेरिकन चित्रकाराचे ते फळ्यावरच्या गिरगोट्यांसारखे कॅनव्हास अजूनही झेपत नाहीत आणि त्यातला एक 7 कोटी डॉलरला गेलाय.