शहापूर-मुरबाडकडची नैसर्गिक साधनसंपत्ती आणि विकासाची क्षमता कशी मोजायची?

तुम्ही विचारलंय की एमएच्या प्रोजेक्टसाठी ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा अभ्यास करायचाय, डेटा कुठून घ्यायचा आणि सुरुवात कशी करायची. मी कळव्याला राहतो, पाणलोटाच्या कामासाठी सहा वर्षं शहापूर तालुक्यात जात होतो, त्यामुळे तिकडचंच सांगतो.

आधी एक चूक टाळा. २०११ च्या जनगणनेतला 'ठाणे जिल्हा' म्हणजे जुना, १५ तालुक्यांचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि आपल्याकडे ७ तालुके राहिले. जिल्ह्याचा एकत्रित आकडा उचललात तर जव्हार, मोखाडा, डहाणू सगळं त्यात येतं. म्हणून गाववार आकडे घ्या आणि शहापूर, मुरबाडची बेरीज स्वतः करा.

आता पाणी, खरा विषय हाच आहे. कागदावर शहापूरसारखा श्रीमंत तालुका नाही. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, तानसा आहे, भातसा आहे, मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं. आणि तरी दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे. खाली काळा कातळ, वर उतार, चार महिन्यांत पडलेलं पाणी मुरायच्या आत वाहून जातं आणि धरणात अडलेलं मुंबईला जातं.

माझ्या पहिल्या सर्व्हेच्या फॉर्ममध्ये एकच रकाना होता, विहीर आहे की नाही. डिसेंबरात गेलो, एका पाड्यापुढे 'आहे' लिहिलं. मे महिन्यात परत गेलो तर त्याच विहिरीत एक बाई तळाला उतरून वाटीने पाणी गोळा करत होती आणि वर तिची सून दोर धरून उभी होती, एक हंडा भरायला वीस मिनिटं लागली, मी घड्याळ लावून पाहिलं. त्या दिवसापासून मी साधन 'किती आहे' असं विचारत नाही, 'कुठल्या महिन्यात आणि कोणाच्या हातात आहे' असं विचारतो. तुम्हीही प्रत्येक गावाला बारा महिन्यांचा तक्ता करा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, ते आकडे मागा, पण पाड्यावरच्या आठ-दहा विहिरी ऑक्टोबरात आणि मे मध्ये स्वतः मोजा.

माणसांचंही तसंच. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, जानेवारीत घरोघरी फिरलात तर निम्म्या दारांना कुलूप दिसेल आणि तुमची 'उपलब्ध मजूरसंख्या' चुकेल. शेती भाताची, भात निघाल्यावर उरल्या ओलीवर वाल घेतात, आणि जिथे मार्चपर्यंत पाणी टिकतं तिथे भेंडी, काकडी. बरं, ही भेंडी घेणारी घरं सहसा भट्टीवर जात नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय. विकासाची क्षमता मला विचाराल तर ती इथे आहे, उतारावर पाणी अडवून त्याला दोन-तीन महिने जास्त थांबवण्यात.

जंगलाचं बघताना सागाची झाडं मोजत बसू नका, ते वनखात्याकडे आहेच. मोहाची फुलं, गुळवेल यावर घर किती चालतं ते विचारा. शहापूर पेसात, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्यात येतो, म्हणजे गौण वनोपजावर हक्क ग्रामसभेचा, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा मंजूर झालाय का हे गावोगावी तपासा. दावा मंजूर नसेल तर जंगल शेजारी असूनही गावाच्या हिशोबात धरता येत नाही.

शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यावर लिहा, पण सोबत रस्त्यालगतच्या गावांचे जुने-नवे सातबारे काढून जमीन कोणाच्या नावावर गेली तेही लिहा.

जायचं असेल तर मे मध्येच जा. शहापूरजवळच्या आसनगाव स्टेशनला पहिल्या लोकलने उतरा, विहिरीवर गर्दी पहाटेच असते, दहा वाजता गेलात तर कोणी भेटणार नाही. विहीर मोजायला टेप पन्नास फुटी पुरते. आणि पिण्याचं पाणी घरून न्या, पाड्यावर मागू नका, ते लोक नाही म्हणणार नाहीत.