गुण मध्यम, उपक्रम भरपूर

प्रश्न : सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आणि युवा महोत्सवात रमलो, गुण मात्र मध्यम. मुलाखतीत हे कसं मांडू?

उत्तर : आधी कागद गोळा करा. एनएसएसचं प्रमाणपत्र २ वर्षांत २४० तास आणि ७ दिवसांचं विशेष शिबिर पूर्ण झाल्यावरच मिळतं. तासांची नोंद कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून आत्ताच तपासून घ्या; निकालानंतर सह्यांसाठी हेलपाटे पडतात. बायोडेटात ‘सक्रिय सहभाग’ लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. शिबिरात तुमच्याकडे कोणतं काम होतं, हाताखाली किती जण होते, शेवटी काय उभं राहिलं, हे दोन ओळींत लिहा. गुणांबद्दल विचारलं तर उपक्रमांची सबब नको. विषय राहिला असेल तर मात्र या सत्रात महोत्सव सोडा, तो विषय काढा.